पुराव्याच्या कसोटीवर परवडणारे उपचार

रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या नातेवाइकाच्या मनात दोन प्रश्न असतात. हे पैसे आणायचे कोठून, हा पहिला. दुसरा प्रश्न बहुधा मनातच राहतो, तो म्हणजे हे सारे खरोखरच आवश्यक होते काय? पहिल्या प्रश्नावर विमा योजना, धर्मादाय निधी, सवलती असे उपाय शोधले जातात. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा पद्धतशीर प्रयत्न म्हणजे पुराव्यावर आधारित वैद्यक. कोणता उपचार गुणकारी आहे, कोणता निरुपयोगी आहे आणि कमी खर्चाचा पर्याय तितकाच परिणामकारक आहे काय, हे वैयक्तिक अनुभवावर, प्रथेवर वा जाहिरातीवर न सोडता काटेकोर अभ्यासातून ठरवायचे आणि तोच निष्कर्ष रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवायचा, असा या विचाराचा गाभा आहे.

भारतात या विचाराला विशेष महत्त्व आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी थेट कुटुंबांच्या खिशातून होणारा खर्च २००४-०५ मध्ये ६९.४ टक्के होता. तो २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्क्यांवर आणि २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी असली, तरी प्रत्येक शंभर रुपयांतील जवळपास चाळीस रुपये आजारी माणसाचे घरच भरत असल्याचा हा हिशेब आहे. निरुपयोगी तपासणी किंवा अनावश्यक शस्त्रक्रिया श्रीमंत देशात विमा कंपनीचा तोटा ठरते. येथे तिच्यासाठी शेत गहाण पडते, नाही तर मुलांचे शिक्षण थांबते.

संकल्पना कशी रुजली?

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात राष्ट्रीय आरोग्यसेवेला एक साधा प्रश्न विचारला होता. साधनसामग्री मर्यादित असेल, तर ती सिद्ध झालेल्या उपचारांवरच का खर्च करू नये? म्हणजे परिणामकारकता आणि काटकसर यांची सांगड आरंभापासूनच होती. पुढे १९९०च्या दशकात डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचाराची व्याख्या स्पष्ट केली. उपलब्ध असलेला सर्वोत्तम पुरावा, डॉक्टरचे अनुभवसिद्ध कौशल्य आणि रुग्णाची स्वतःची निवड या तिन्हींचा मेळ म्हणजे पुराव्यावर आधारित वैद्यक. या तीनपैकी एकही पाय काढला तर तिवई उभी राहत नाही.

पुराव्याच्याही पायऱ्या असतात. ‘माझ्या रुग्णाला गुण आला’ ही सर्वात खालची पायरी. कित्येक आजार उपचारांविनाही बरे होतात आणि बरे न झालेला रुग्ण पुन्हा त्याच डॉक्टरकडे येतोच असे नाही. म्हणून दोन गटांची तुलना करावी लागते. कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टरने वा रुग्णाने न ठरवता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते, तेव्हा दोन्ही गट सर्व बाबतींत साधारण सारखे होतात आणि अखेरीस दिसणारा फरक उपचाराचा आहे, असे खात्रीने म्हणता येते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेली स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरील चाचणी या पद्धतीचा आरंभबिंदू मानली जाते. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये हे औषध सर्वांना पुरेल इतके नव्हतेच. त्यामुळे चिठ्ठीने निवड करणे न्याय्यही होते आणि शास्त्रीयही. अशा अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासून काढलेला सारांश ही सर्वात वरची पायरी समजली जाते.

मद्रासचा धडा : खाट घरी की आरोग्यधामात?

या विचाराने गरीब देशाचे धोरण बदलल्याचे पहिले मोठे उदाहरण भारतातच घडले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्षयरोग म्हणजे आरोग्यधाम हे समीकरण होते. मिरज, पाचगणी यांसारख्या ठिकाणी शुद्ध हवा, सक्तीची विश्रांती आणि सकस आहार यांवर रुग्णांना महिनोन्‌महिने ठेवले जाई. परंतु देशातील लाखो रुग्णांना पुरतील इतक्या खाटा उभारणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते.

मद्रास येथे १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने हा प्रश्न थेट कसोटीला लावला. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या या संयुक्त उपक्रमाचे नेतृत्व डॉ. वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. शहरातील गरीब वस्त्यांमधील रुग्णांचे चिठ्ठीपद्धतीने दोन गट करण्यात आले. औषधे दोन्ही गटांना तीच, मुदतही तीच, वर्षभराची. एक गट आरोग्यधामात राहिला. तेथे आहार चांगला, विश्रांती पुरेशी, शुश्रूषा उत्तम. दुसरा गट आपापल्या दाटीवाटीच्या घरात राहून उपचार घेत होता.

१९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी तज्ज्ञांनाही चकित केले. घरी औषधे घेणाऱ्यांचे बरे होण्याचे प्रमाण आरोग्यधामातील रुग्णांच्या जवळपास बरोबरीचे होते. रुग्ण घरी राहिल्याने कुटुंबीयांना अधिक लागण होईल ही भीतीही पुढील पाहणीत खरी ठरली नाही. उपचार सुरू होण्यापूर्वीचा संपर्क हाच खरा धोका असल्याचे दिसले. भिंती आणि खाटांवर जाणारा पैसा औषधांवर आणि ती नियमित घेतली जातात की नाही हे पाहण्यावर खर्च करावा, हे सूत्र त्यातून पुढे आले आणि जगभरातील क्षयरोग कार्यक्रमांनी ते स्वीकारले. आरोग्यधामांचे युग हळूहळू संपले.

चेन्नईच्या त्याच केंद्राची आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झाली आहे. तिच्या सहभागाने झारखंडमधील चार जिल्ह्यांत झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णाच्या घरातील इतर व्यक्तींना सहा महिने धान्य व डाळ यांचा अतिरिक्त आहार दिला असता त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. निदान जंतूंच्या तपासणीने पक्के झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाबाबत ही घट ४८ टक्के होती. दहा हजारांहून अधिक व्यक्ती या अभ्यासात होत्या. आधीच्या चाचणीने सांगितले होते की औषधे मिळाली तर रुग्णाच्या बरे होण्यासाठी आरोग्यधामातील आहार अनिवार्य नाही. नव्या चाचणीने दाखवले की रोग होऊच नये यासाठी घरातील ताट महत्त्वाचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण प्रश्न वेगळे होते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून क्षयरुग्णांना मिळणारे मासिक पोषण अनुदान ५०० रुपयांवरून १,००० रुपये केले.

महाडचा विंचू

पुरावा केवळ मोठ्या संस्थांतूनच निर्माण होतो असे नाही. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू ही १९७०च्या दशकात नित्याची घटना होती. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. घाम, थंड पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू हा क्रम त्यांच्या लक्षात आला. विंचवाच्या विषामुळे शरीरातील ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि हृदय त्या ताणाखाली कोसळते. हा ताण रोखणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध बाजारात उपलब्ध होते. त्याचा वापर सुरू झाल्यावर गंभीर दंशातील मृत्यूंचे सुमारे तीस टक्के असलेले प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

हा पुरावा ‘आधी आणि नंतर’ या तुलनेचा होता. फरक इतका प्रचंड होता की तो नाकारणे कठीण होते. पण पुढचा प्रश्न सूक्ष्म होता. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास लाभ होतो काय? त्यासाठी महाडमध्येच ७० रुग्णांची चिठ्ठीपद्धतीची चाचणी झाली आणि ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी आठच. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तालुक्याच्या ठिकाणचे छोटे रुग्णालयही जागतिक दर्जाचा पुरावा देऊ शकते, याचा हा दाखला आहे.

गडचिरोलीचे आरोग्यदूत

नवजात बालकांचे मृत्यू रोखायचे तर अतिदक्षता कक्ष हवा, काचेची पेटी हवी, बालरोगतज्ज्ञ हवा, असे मानले जाई. गडचिरोलीच्या खेड्यांत यातील काहीच नव्हते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाला उबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे, श्वास कोंडलेल्या बाळाला तातडीची मदत देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, ही कामे त्या घरोघर जाऊन करू लागल्या.

याची परीक्षा ३९ गावांत झाली आणि ४७ गावांशी तुलना करण्यात आली. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ वरून २५ वर आले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांचा विचार करता, ही घट ६२ टक्के भरली. खर्च प्रत्येक बाळामागे त्या वेळच्या हिशेबाने ५.३ डॉलर होता. काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळत होता. खर्च आणि परिणाम यांचे असे आकडे एकत्र मांडल्याने धोरण आखणाऱ्यांना तो विचार बाजूला सारणे अवघड झाले. केंद्र सरकारने २०११ मध्ये गृहआधारित नवजात बालक सेवा देशभर सुरू केली. आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या ४२ दिवसांत सहा ते सात भेटी देते.

मात्र संशोधनापासून राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत जाण्यास एक तप लागले आणि मूळ प्रयोगातील सगळे घटक तसेच्या तसे उतरले नाहीत. आशांच्या हाती इंजेक्शन द्यावे की नाही, हा वादाचा मुद्दा ठरला. प्रशिक्षण, देखरेख आणि औषधांचा अखंड पुरवठा यांची मूळ प्रयोगातील घट्ट वीण लाखो कार्यकर्त्यांच्या यंत्रणेत टिकवणे हे वेगळेच आव्हान असते. पुरावा अमलात आणणे याचा अर्थ केवळ शासननिर्णय काढणे नव्हे, हे गडचिरोलीच्या अनुभवातून स्पष्ट होते.

एक रोग, दोन चाचण्या, दोन उत्तरे

गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच सापडला तर टाळता येतो. पाश्चात्त्य देशांत यासाठी ‘पॅप’ तपासणी केली जाते. तिला प्रयोगशाळा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. स्वस्त पर्याय शोधण्यासाठी महाराष्ट्रात दोन महत्त्वाचे अभ्यास झाले.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील झोपडपट्ट्यांत सुरू केलेल्या चाचणीत सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. थोडक्या आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे घरातल्या व्हिनेगरसारखे द्रावण लावून उघड्या डोळ्यांनी पाहणी करीत. पांढरा डाग दिसल्यास पुढील तपासणी होई. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत ३१ टक्के घट आढळली.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने झाला. ग्रामीण भागातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची ॲसेटिक आम्लाची तपासणी, तर चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा. प्रत्येक तपासणी एकदाच झाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४, तर तुलनेच्या गटात ६४ मृत्यू झाले होते. एका तपासणीने मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. ॲसेटिक आम्ल आणि पॅप यांच्या गटांत मात्र मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही.

दोन्ही अभ्यास प्रामाणिक आणि काटेकोर होते. एकात तपासणीच्या चार फेऱ्या होत्या, दुसऱ्यात एकच. स्वस्त तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि ती करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. महाग तपासणी एकदा केली तरी बराच काळ उपयोगी पडते. म्हणून ‘एका वेळचा खर्च’ आणि ‘एक जीव वाचवण्याचा खर्च’ यांत फरक करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला प्राधान्य देण्याची शिफारस केली.

या संशोधनाची नैतिक बाजूही वादग्रस्त ठरली. तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी न करता त्यांच्यातील मृत्यू मोजणे योग्य होते काय, असा आक्षेप देशातील व परदेशातील नीतितज्ज्ञांनी घेतला. भारतात संघटित तपासणी कार्यक्रमच नसल्याने त्या स्त्रियांचे नेहमीपेक्षा अधिक नुकसान झाले नाही, असा संशोधकांचा प्रतिवाद होता. वाद मिटलेला नाही; पण त्याने एक कर्तव्य अधोरेखित केले. ज्या स्त्रियांच्या सहभागातून पुरावा मिळाला, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत त्याचा लाभ पोहोचलाच पाहिजे. प्रत्यक्षात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधी तरी झाल्याचे सांगितले.

शंभर रुपयांचे इंजेक्शन

कर्करोगाच्या नव्या औषधांच्या किमती सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. अशा वेळी जुन्या, स्वस्त औषधांचा नवा उपयोग शोधण्याचे काम खासगी कंपन्या सहसा करीत नाहीत, कारण त्यात नफा नसतो. सार्वजनिक संस्थांनाच ते करावे लागते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे भूल देण्याचे औषध टोचावे काय, याची टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांत चाचणी झाली. दीड हजारांहून अधिक स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के झाले. या इंजेक्शनचा खर्च सुमारे शंभर रुपये आहे. अन्य देशांतही हा प्रयोग पुन्हा व्हावा असे काही तज्ज्ञांचे मत आहे आणि शास्त्राच्या रीतीला ते धरूनच आहे.

डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब या महागड्या औषधाची अगदी अल्प मात्रा पुरेल काय, असा प्रश्नही टाटा रुग्णालयाने तपासला. रूढ मात्रेच्या तुलनेत दर तीन आठवड्यांना केवळ २० मिलिग्रॅम औषध, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने, १५१ रुग्णांच्या चाचणीत वापरण्यात आले. २०२२ मधील अहवालानुसार एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण केवळ गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, तर निव्होलुमॅबसह ४३.४ टक्के होते. पूर्ण मात्रा न परवडणाऱ्या रुग्णापुढे पूर्वी ‘सर्व किंवा काहीच नाही’ एवढेच पर्याय होते. आता मधला मार्ग पुराव्यानिशी उपलब्ध झाला आहे.

खरेदीची पद्धत हाही उपचाराचाच भाग ठरतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने सदस्य रुग्णालयांसाठी समान उपचारसंहिता तयार केल्या आणि नंतर ४० औषधांची एकत्रित खरेदी केली. पहिल्या फेरीतच सुमारे १,३२० कोटी रुपयांची बचत झाली. कोणती औषधे खरोखर लागतात यावर आधी एकमत झाले, म्हणूनच घाऊक घासाघीस शक्य झाली. तमिळनाडूने १९९५ पासून वैद्यकीय सेवा महामंडळामार्फत मोजक्या अत्यावश्यक औषधांची मध्यवर्ती खरेदी सुरू केली, त्यामागेही हेच तत्त्व होते.

जे करू नये ते

पुराव्याचा दुसरा अर्थ नकार असाही आहे. केंद्राच्या औषध दर नियामकाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपये अशी ती होती. या निर्णयाने मोठा दिलासा मिळाला. परंतु स्टेंट कोणाला हवा, हा प्रश्न दरपत्रक सोडवू शकत नाही. ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत असे दिसले की, स्थिर स्वरूपाच्या हृदयविकारात उत्तम औषधोपचारांच्या जोडीला लगेच अँजिओप्लास्टी वा बायपास केल्याने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके एकंदरीत कमी झाले नाहीत. वारंवार छातीत दुखणाऱ्यांना मात्र आराम अधिक मिळाला.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. हा निष्कर्ष तीव्र हृदयविकाराच्या झटक्याला लागू नाही. त्या प्रसंगी तातडीची अँजिओप्लास्टी प्राण वाचवते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाची क्षमता फार खालावलेले रुग्णही या चाचणीत नव्हते. पुरावा कोणत्या रुग्णांविषयी आहे हे न पाहता केवळ मथळा वाचणे धोक्याचे ठरते.

माहीत आहे, पण होत नाही

सर्वात कोडे घालणारे उदाहरण जलसंजीवनीचे आहे. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असल्यास आतडे पाणी शोषून घेते, या शास्त्रावर हे द्रावण उभे आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण पिंपांतून वाटले. नातेवाईकच ते रुग्णांना पाजत. मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आले. काही रुपयांच्या पाकिटाने जगभरात कोट्यवधी बालकांचे प्राण वाचवले. डॉ. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

असे असूनही २०१९-२१च्या पाहणीत अतिसार झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्के बालकांनाच जलसंजीवनी मिळाल्याचे आढळले. कर्नाटक आणि बिहारमधील दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे प्रशिक्षित ‘पालक’ पाठवून याचे कारण शोधण्यात आले. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. पाकिटे उपलब्ध नसणे किंवा अन्य औषधे विकण्यातील नफा ही कारणे दुय्यम ठरली. ‘लोकांनाच जलसंजीवनी नको असते, त्यांना खरे औषध हवे असते’ हा व्यावसायिकांचा समज हे सर्वात मोठे कारण होते. ४२ टक्के वाटा त्याचाच होता. पालकाने स्वतःहून जलसंजीवनीविषयी विचारले, तर ती लिहून दिली जाण्याची शक्यता बरीच वाढत होती. म्हणजे डॉक्टरांना माहीत आहे, पालकांचा विरोध नाही, पाकीटही दुकानात आहे आणि तरीही बाळाला प्रतिजैविक मिळते.

यंत्रणा आणि तिच्या मर्यादा

पुरावा व्यवहारात उतरवण्यासाठी काही साधने सिद्ध झाली आहेत. अत्यावश्यक औषधांची यादी हे त्यांतील पहिले. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९७७ मध्ये आणली, तर भारताच्या २०२२च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. प्रमाण उपचारसंहिता, जेनेरिक औषधांचा वापर, औषधचिठ्ठ्यांची नियमित तपासणी ही अन्य साधने होत. नव्या तंत्राच्या खर्चाची आणि लाभाची तुलना करण्यासाठी आरोग्य संशोधन विभागाने आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणाही उभारली आहे. सरकारी विमा योजनेत कोणता उपचार कोणत्या दराने समाविष्ट करावा, हे ठरवण्यास तिचा उपयोग होतो.

या विचाराला मर्यादा आहेत आणि त्या मान्य करणे हाही त्याचाच भाग आहे. चाचणीचा निष्कर्ष सरासरीचा असतो. समोरचा रुग्ण सरासरी नसतो. वृद्ध, गर्भवती आणि एकाच वेळी अनेक आजार असलेले लोक चाचण्यांतून अनेकदा वगळले जातात. मोठ्या चाचण्यांचा खर्च औषध कंपन्या करतात, त्यामुळे कोणता प्रश्न विचारला जाईल हेही बाजार ठरवू शकतो. नकारात्मक निष्कर्ष दडपले जाण्याचा धोका असतो. ‘पुरावा नाही’ आणि ‘उपयोग नसल्याचा पुरावा आहे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचाही विसर पडतो. खर्च वाचवण्यासाठी हात आखडता घेण्याचे निमित्त म्हणून संहितांचा वापर झाला, तर मूळ हेतूच हरवेल.

रुग्णाने काय विचारावे?

व्याख्येतील तिसरा पाय रुग्णाचा आहे, आणि जलसंजीवनीच्या अभ्यासावरून दिसते की रुग्णाच्या एका प्रश्नानेही औषधचिठ्ठी बदलू शकते. तातडीचा प्रसंग नसेल तेव्हा पुढील प्रश्न आदराने विचारता येतात.

१. या उपचाराने नेमका कोणता लाभ अपेक्षित आहे? आयुष्य वाढेल, त्रास कमी होईल की केवळ तपासणीतील आकडा सुधारेल?

२. शंभर रुग्णांना हा उपचार दिला तर किती जणांना उपयोग होतो आणि किती जणांना अपाय?

३. याहून साधा वा कमी खर्चाचा पर्याय आहे काय? तो तितकाच परिणामकारक आहे काय?

४. काही दिवस थांबून पाहिले तर काय होईल?

५. या तपासणीचा निष्कर्ष काहीही आला, तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती करावी काय?

तीव्र छातीदुखी, अर्धांगाची लक्षणे, गंभीर दुखापत, सर्प वा विंचूदंश अशा वेळी मात्र प्रश्नोत्तरांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. सुरू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

मद्रासच्या दाटीवाटीच्या घरांत, महाडच्या छोट्या रुग्णालयात, गडचिरोलीच्या खेड्यांत आणि धाराशिवच्या वाड्या-वस्त्यांवर मिळालेला पुरावा आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तो ज्या लोकांच्या सहभागातून मिळाला, त्यांच्या दवाखान्यापर्यंत तो पोहोचवण्याचे काम अजून बरेच शिल्लक आहे.